‘नेईन’ म्हणण्याचा सराव

सोमवारी हे गेले. तेराव्याला नणंद म्हणाली, "वहिनी, हा आजार बरा होणारा नाही, हे दादाला दिवाळीपासूनच ठाऊक होतं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यानं आम्हाला."

आज पणजीत पोर्तुगीजच्या वर्गावरून जाताना खिडकीतून मुली दिसल्या. एक लांबलचक क्रियापद तोडत त्या बाकावर बोटं आपटत होत्या. लिस्बनला जायचं ठरवल्यापासून आम्ही दोघंही घरी चहा निवेपर्यंत असेच बसायचो. ‘मी तुला नेईन’ हे त्या भाषेत एकच क्रियापद, आणि ‘तुला’ त्याच्या पोटात. ल-वार-त-एय. माझा जोर नेमका त्या ‘त’वर पडायचा आणि हे हसायचे. "अगं, जोर शेवटी! लिस्बनला लोक हसतील तुला."

दिवाळीनंतरही आमचा सराव थांबला नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी भविष्यकाळाचे उच्चार घोटत होते. तेवढे दिवस मला सुखाचे जावेत, असं त्यांना वाटलं असेल. पण निरोप माझाही होता. तो त्यांनी मला न विचारता एकट्यानंच उरकला.

मुलींचं क्रियापद जुळलं, तशी मी पुढे निघाले. माझ्याजवळ राग उरला आहे आणि भांडायला हे नाहीत.