समुद्राची लव

कुणाच्याही दिवाणखान्यात शिरले की ते आधी गालिचा शोधत. पानिपतचा, दाट लवेचा गालिचा दिसला की संपलंच! गृहस्थ सोफा सोडून खाली बसत, तळहात एकदा लवेच्या दिशेनं फिरवत, एकदा उलटा. मग यजमानाचा हात ओढून म्हणत, "आता तुम्ही. उलटा फिरवा. अडतो की नाही? बिल्कुल हेच होतं वाऱ्याचं, समुद्रावर!"

यजमानीण चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकलेली असे.

मंडळी, हा मनुष्य समुद्रापासून शेकडो मैल दूर, दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्याकोऱ्या सोसायटीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. हवामानाच्या कचेरीत शास्त्रज्ञ. नळाला पाणी नसलेले ते दिवस. सगळी सोसायटी बादल्या घेऊन टँकरपुढे. मी मागून ओरडायचो, "समुद्रसाहेब, भरती आली, सरका पुढे!" ते हसत, आणि वाऱ्यानं बादलीत उठलेल्या सुरकुत्या बघता बघता नंबर घालवून बसत.

वाऱ्याचा वेग कळला की पाण्यावरची त्याची ओढ काढता येते, असं कचेरीचं गणित. यांना ते पटत नसे. "वेग तोच, पण खाली लाटा कोणत्या आहेत ते बघा ना, यार!" नुकत्याच उठलेल्या, उभ्या लाटा वाऱ्याला धरून ठेवतात. दुरून आलेल्या जुन्या लाटा त्याच्याबरोबर चालल्या असतील तर तो अलगद निसटतो. समोरून आल्या तर घासत, अडखळत जातो. ही ओढ चुकली की वादळाचा अंदाजही चुकतो. वरिष्ठ एवढंच म्हणाले, "मोजून दाखवा."

निवृत्ती जवळ आली तेव्हा कुठे मोजणीच्या जहाजावर जागा मिळाली. आणि त्याच सुमारास छातीत दुखलं.

वहिनींनी मला पंच म्हणून बोलावलं. "भाऊजी, यांना विचारा, भर समुद्रात डॉक्टर कुठून आणणार?"

"अगं, जहाजावर असतो डॉक्टर."

"दातांचा असेल!"

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. "बायकोनं अडवलं, असं सांगा खुशाल कचेरीत."

त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही जात."

त्यांच्या जागी त्यांची तरुण सहकारी गेली. यंत्र कुठे लावायचं, जहाजाच्या आडोशानं वारा कसा फसवतो, सगळं त्यांनी तिला शिकवलं. पण जहाज परतायच्या आत ते गेले. घरीच, दुपारच्या झोपेत.

ती परतल्यावर थेट वहिनींकडे आली. उन्हानं काळवंडलेली. मीही तिथेच होतो.

"आंटी, सर सही थे।"

"पूरे?"

मुलगी अडखळली. खोटं बोलली असती तरी आम्हाला काय कळणार होतं! "सामने से आती लहरों में, हाँ। साथ चलनेवाली लहरें इस बार मिलीं ही नहीं। वो नापना बाकी है।"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला नाही. तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, "जहाज फिर कब जाएगा?"