कडेवर न घेतलेली लेक

पाथर्डीजवळच्या आमच्या गावात सुगीच्या तोंडावर एक घिसाडीण येते. नवरा तापलेलं लोखंड धरतो, घण ती मारते. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

यंदा धार लावलेला विळा द्यायला ती दारात आली, तेव्हा मागे तिची दोन वर्षांची लेक अनवाणी उभी होती आणि कडेवर घे म्हणून रडत होती.

"घे की गं तिला," मी म्हणाले.

"गावाबाहेर गेल्यावर घेईन, मावशी. पोर रंगानं उजळ हाय. मागल्या गावात कडंवर बघून लोकांनी मला पोरं पळवणारी म्हनून मारलं."

वेशीबाहेर पोचल्यावरच तिने पोरीला उचललं. मी दारातून बघत होते. ती आल्यापासून घट्ट धरलेला नातवाचा दंड मी तेव्हा कुठे सोडला.