जंगलातल्या गावी अप्पांना नेलं तेव्हा

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आता कोकणात परत पाठवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. नवरा बोटीवर इंजिनिअर आणि तेव्हा कुठल्याशा समुद्रात, त्यामुळे त्याचं ठरवणं व्हॉट्सॲपवरच्या एका अंगठ्यापुरतं. सांगायचं काम माझ्याकडे.

अप्पा गावी एकटेच राहायचे. गेल्या वर्षी न्हाणीत घसरले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. शेजारच्या वहिनी भाकरी घेऊन आल्या, हाका मारून ओ येईना, तेव्हा कळलं. मग मी ‘चार दिवस चला’ म्हणून त्यांना सिंगापूरला, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. इथे राहायचा पास वाढवत वाढवत त्या चार दिवसांचे महिने झाले. अप्पा रोज नाश्ता झाला की परतीच्या तिकिटाचा कागद काढून वाचायचे. त्यात वाचण्यासारखं काय असतं? पण वाचायचे, आणि घडी घालताना म्हणायचे, “मुलीच्या घरी माणसानं राहावं किती? शोभतं का गो?”

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. आमच्या वाडीत दोनच दारं उघडी उरली होती, त्यांचं आणि वहिनींचं. आणि वहिनी आता कायमच्या मुलाकडे विरारला निघाल्या होत्या. त्यांनी मला फोन करून सांगितलं, “तूच सांग बाय अप्पांना, माझ्यानं नाही होणार.” माझ्यानंही होईना. ऑफिसात मी लोकांना खडसावते असा माझा लौकिक आहे. वडिलांसमोर मात्र मी अजून प्रगतिपुस्तक दप्तरात लपवलेली मुलगी आहे.

अशा माणसाला युक्त्या सुचतात. आमच्या बिल्डिंगच्या बोर्डावर एक कागद लागला होता. शहराच्या कडेच्या जंगलात पूर्वी चिनी लोकांची गावं होती, ती उठवली, माणसं फ्लॅटमध्ये गेली, आता तिथे नुसते अवशेष आहेत. त्याच गावात वाढलेले एक गृहस्थ पायी फिरवून ते दाखवतात. मला वाटलं, हे बेस्ट! ज्यांचं गावच गेलं ती माणसं मजेत आहेत, हे अप्पांना त्या माणसाच्याच तोंडून ऐकवू. वर मी त्या गृहस्थांना जायच्या आदल्या दिवशी मेसेजही केला: ‘माझ्या वडिलांना फ्लॅटमधलं आयुष्य चांगलं असतं एवढं सांगाल का?’ उत्तर आलं, ‘कॅन, कॅन,’ म्हणजे इथल्या बोलीत ‘हो, हो’. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या रात्री शिरा केला.

रविवारी सकाळी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, मग बस. मी, अप्पा आणि माझी चौदा वर्षांची लेक, जी येताना फक्त एकदाच बोलली: “ममा, व्हाय?” गाईड सत्तरीचे, काटक, गळ्यात टॉवेल. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणू लागलो. अप्पा लेंगा-सदऱ्यात, हातात छत्री. जन्मभर पोस्टमन म्हणून डोंगरातल्या वाड्या पायी फिरलेला माणूस. पहिल्याच चढाला अंकलच्या पुढे, आणि मी सगळ्यांच्या मागे, युक्तीच्या ओझ्यासकट.

जंगलात गाव म्हणजे काय, तर गुडघाभर भिंती. मध्येच सिमेंटची जमीन, तिच्यातून वर आलेलं झाड. कपडे धुवायची एक टाकी, तिच्यात पानं. अंकल सांगत होते, इथे कोंबड्या, इथे दुकान, हे रामबुतानचं झाड आमचंच. बरोबरचं एक जोडपं भिंत ओलांडून आत गेलं आणि टाकीपाशी फोटो काढू लागलं. मीही पाय उचलला.

“तिथनं नको,” अप्पा म्हणाले.

ते भिंतीच्या कडेकडेनं फिरून पलीकडे गेले. दोन पायऱ्या सापडल्या, वर दाराएवढी मोकळी जागा. तिथे थांबून ते खाकरले, अगदी गावोगावच्या अंगणांत खाकरायचे तसे. मग चपला काढून, कडेला नीट लावून, अनवाणी आत गेले.

“आजोबा! देअर इज नो हाऊस लाह!” लेक ओरडली. “शूज घाला!”

“उंबरा आहे की,” अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी नाचायला लागले. लाल मुंग्या! मी धावले, लेक धावली, मुंग्या झटकताना मी अप्पांच्या पोटरीवर अशी काही थापट मारली की ते म्हणाले, “मुंग्या परवडल्या.” आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसातलं हसणं तेवढंच.

अंकल पायऱ्यांपाशी येऊन उभे होते. “दार इथेच होतं,” ते म्हणाले. “आमचं घर हे. मी सगळ्यांना त्या भिंतीवरूनच आणतो, जवळ पडतं.” जरा वेळानं त्यांना माझा मेसेज आठवला असावा. आवाज चढवून, पाठ केल्यासारखं म्हणाले, “फ्लॅट व्हेरी गुड! लिफ्ट हॅव! टॉयलेट इनसाइड!”

अप्पांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, “त्यांना विचार, त्यांचे वडील रमले का तिकडं?”

मी विचारलं. अंकलनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग इंग्रजीत हळूहळू बोलले. वडील रोज सकाळी बस धरून इथे यायचे. घर पाडलेलं. या पायरीवर बसायचे. दिवस मावळला की परत यायचे, जेवायचे. बोलायचे नाहीत.

“काय म्हणतात?” अप्पा.

“म्हणतात,” मी सुरू केलं, “पहिले थोडे दिवस जड गेले. मग खाली मित्र झाले. कॅरम वगैरे खेळायचे. खूप छान रमले म्हणतात.” चिनी म्हातारे कॅरम खेळतात का, देव जाणे.

“ममा,” लेक म्हणाली, “ही नेव्हर सेड दॅट.”

अप्पा पायरीवर बसले. पायाला गांधी उठल्या होत्या, त्यावर बोट फिरवत राहिले. “इंग्रजी मला तेवढं कळतं,” ते म्हणाले. “तू खोटं बोलायच्या आधी फार गोड होतेस. काल शिरा केलास तेव्हाच म्हटलं, काहीतरी आहे.” मग वर न बघता, “वहिनी चालली ना विरारला? फोनवर हल्ली वाडीचं काही बोलतच नाही.”

मी मान हलवली.

“म्हणजे आता कोणी नाही.”

“कोणी नाही, अप्पा.”

ते जोडपं पुढे निघालं होतं, अंकल मात्र थांबले होते. अप्पा म्हणाले, “तिकीट रद्द कर.” एवढंच. ते चिडतील, रडतील, अबोला धरतील, या प्रत्येकावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. हो म्हणतील यावर नव्हतं. त्यांच्या ‘हो’साठी तर मी एवढं सगळं केलं होतं, ते हातात आलं आणि मला ते ठेवायला कुठे जागा सापडेना.

“आणखी एक विचार,” अप्पा म्हणाले. “त्यांचे वडील असे किती वर्षं येत होते?”

मी विचारलं. अंकल म्हणाले, “मरेपर्यंत. लाँग, लाँग टाइम. माय फादर, व्हेरी हेल्दी मॅन.”

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितला. अप्पांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचे सगळे रिपोर्ट पाहून हसत सांगितलं होतं की हृदय तरुण माणसासारखं आहे, अजून खूप वर्षं काळजी नाही.