गोलपोस्टातलं व्यासपीठ

आमच्या चारकोपच्या महिला फुटबॉल क्लबची स्थापना माझ्यामुळे झाली, असं मी सगळ्यांना सांगतो. माझी बायको माधवी सांगते की, माझ्यामुळे ती होता होता राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण क्लबच्या वर्धापनदिनाला माइक तिच्या हातात असतो, त्यामुळे लोकांना फक्त दुसरीच माहीत आहे.

झालं असं की, एका रात्री जेवताना आमची कन्या ऋचा कॉलेजच्या फुटबॉल टीमचं कौतुक सांगत होती. माधवी घास हातात धरून ऐकत होती. (शाळेत ती हँडबॉल खेळायची. आता विमा कंपनीत खेळवाखेळवी करते.) ती सहज म्हणाली, "आम्हाला पण शिकव ना गं." आणि मी आमटी वाढून घेता घेता म्हणालो, "तुम्हा बायकांना नाही जमायचं. फुटबॉलमध्ये बोलायला वेळच नसतो!"

 माधवीने आमटीचं पातेलं असं काही उचललं, की माझी वाटी अर्धीच राहिली. पुढच्याच रविवारी सोसायटीतल्या बायका ट्रॅकपँट घालून खाली उतरल्या.

सुरुवातीला त्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, पार्क केलेल्या स्कूटरींच्या मधून खेळायच्या. शेजारच्या सावंतवहिनी गोलकीपर झाल्या. (भाव असो की चेंडू, वहिनी काहीही पुढे सरकू देत नाहीत. कोळणी त्यांना लांबून बघूनच पापलेट झाकतात.) माधवी पुढे खेळायची. डाव्या पायाने ती असा फटका मारायची, की तळमजल्यावरच्या लोकांनी खिडक्या उघडणं सोडून दिलं. मी गॅलरीतून बघायचो आणि हसायचो. मग एक दिवस माझ्या स्कूटरचा आरसा गेला आणि मी हसायचा थांबलो.

पण रस्त्यावर किती दिवस खेळणार? सेक्टरच्या टोकाला मोठं मैदान होतं, दोन्ही बाजूंना गोलपोस्ट असलेलं. पण रोज संध्याकाळी ते क्रिकेटवाल्या पोरांच्या ताब्यात. माधवी मैदान समितीच्या तांडेलांना जाऊन भेटली. तांडेल म्हणजे गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ आणि चेहऱ्यावर कायमचा नकार.

"मॅडम, हौसेला मैदान देत नाय आपण," तांडेल म्हणाले. "येत्या रविवारी बाहेरच्या टीमबरोबर अख्खी मॅच खेळून दाखवा, काळोख पडायच्या आत. इथे लाइट नाय. जमलं तर मंगळवार-शुक्रवार तुमचे. नाय जमलं तर वर्षभर माझ्याकडे यायचं नाय."

माधवी घरी आली ती नाचतच. वाकोल्याची मुलींची एक टीम ऋचाच्या ओळखीची होती, ती यायला तयार झाली. माधवीला मी इतकी खूश लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. (लग्नात तिच्या शेजारी मी होतो, हे एक कारण असू शकेल.)

ही बातमी पसरली आणि सोसायटीतले समस्त नवरे खडबडून जागे झाले. बायका मैदानात उतरणार म्हणजे कोणीतरी मार्गदर्शन करायला नको? त्याच रात्री आमच्या हॉलमध्ये मार्गदर्शक समिती स्थापन झाली. आमच्यापैकी एकानेही जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता, त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती. मी कार्याध्यक्ष झालो.

"मार्गदर्शन कसलं करणार तुम्ही?" माधवीने चहा आपटत विचारलं.

"एकंदर," मी म्हणालो.

इथे मला माझ्या मनातलं एक दुखणं सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं मी सोसायटीचे कार्यक्रम करतोय. गणपती, हळदीकुंकू, रक्तदान, सगळं. प्रत्येक वेळी शाल-श्रीफळाचं तबक माझ्याच हातात असतं, आणि प्रत्येक वेळी मी ते दुसऱ्याच कोणाच्या तरी पुढे धरतो! माझ्या स्वतःच्या खांद्यावर आजवर कोणी टॉवेलसुद्धा टाकलेला नाही. म्हणून या वेळी कार्यक्रमपत्रिका मी स्वतः लिहिली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, मग बारीक अक्षरात 'सामना', त्यानंतर ठळक अक्षरात 'कार्याध्यक्षांचा हृद्य सत्कार', आणि शेवटी आभार.

प्रमुख पाहुणे म्हणून भाऊसाहेबांना बोलावलं. ते आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक आणि स्वतःच्या मते भावी आमदार. फ्लेक्स छापून आला तो झकास! त्यावर भाऊसाहेबांचा फोटो दाराएवढा होता, आम्हा समितीवाल्यांचे खिडकीएवढे आणि टीमचा फोटो बाथरूमच्या झरोक्याएवढा.

रविवारी दुपारी आम्ही पुरुष मंडळी मैदानावर पोचलो. मंडपाचं काम सावंतांकडे, म्हणजे गोलकीपर वहिनींच्या यजमानांकडे होतं. त्यांचा डेकोरेशनचाच धंदा. पण त्यांनी पहार मारून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, जमीन दगडासारखी आसा. बांबू काय उभो ऱ्हवाचो नाय."

मी चौफेर नजर फिरवली, आणि मला ती कल्पना सुचली. समोर दोन पक्के खांब, वर आडवा दांडा, मागे जाळी! तयार सांगाडा! मी म्हणालो, "सावंत, यात सोफा घाला."

 सावंत म्हणाले, "भाऊ, डोक्या आसा हां तुमका!"

अर्ध्या तासात गोलपोस्टात व्यासपीठ सजलं. मागच्या जाळीवर फ्लेक्स, दांड्याला झेंडूच्या माळा, आत लाल सोफा, बाजूला समई. माप इतकं अचूक, की जणू गोलपोस्ट बनवणाऱ्याने भाऊसाहेबांचं माप घेतलं होतं. मी तीन बाजूंनी फोटो काढले.

बायका आल्या. माधवी सगळ्यांत पुढे, अंगावर निळी जर्सी. ती व्यासपीठासमोर थांबली.

"अहो, हे काय आहे?"

"व्यासपीठ!"

"हा गोल आहे."

"अगं, तेवढ्यापुरतं. सामना सुरू झाला की पाहुणे उठतील ना."

माझा यावर खरंच विश्वास होता. पण भाऊसाहेब आले तेच उशिरा. मग समई लावायला घेतली, तर मैदानावरचा वारा ती टिकू देईना. एक वात लावावी तर दुसरी विझे. शेवटी सावंतांनी छत्री धरली आणि छत्रीला डाग पडेपर्यंत दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार. मी सोडून समितीतल्या प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाचे दोन शब्द. (दोनवर कोणी थांबलं नाही.) मग भाऊसाहेब उभे राहिले आणि स्त्रीशक्तीवर बोलू लागले. समोर अकरा स्त्रिया वॉर्मअप करून करून घामाघूम झाल्या होत्या, त्यांना ते म्हणाले, "भगिनींनो, आता तुम्ही घराबाहेर पडलं पाहिजे!"

सूर्य समोरच्या बिल्डिंगीच्या टाकीमागे गेला. तांडेल घड्याळ बघत होते. रेफ्री म्हणून उभी असलेली ऋचा धावत माझ्याकडे आली. "बाबा, बस करा ना! काळोख पडेल. मैदान गेलं तर आई रडेल हां."

मी भाऊसाहेबांच्या कानाशी लागलो. "साहेब, जरा उठून बाजूच्या खुर्च्यांवर बसता का?"

"आभारप्रदर्शन झालं?"

"नाही, ते सामन्यानंतर आहे."

"मग आभाराआधी व्यासपीठ सोडायचं? ते शोभतं का?"

 आभारप्रदर्शनाआधी पाहुणे उठत नाहीत, हा तर आमचाच कायदा. आणि आभार सामन्यानंतर, ही माझीच पत्रिका. म्हणजे सामना झाल्याशिवाय आभार नाहीत, आभार झाल्याशिवाय पाहुणे उठत नाहीत आणि पाहुणे उठल्याशिवाय सामना नाही. आमची पार वाट लागली होती.

माधवीने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे ऋचाला म्हणाली, "शिट्टी मार. बसू दे त्यांना तिथेच."

वाकोल्याची कॅप्टन चक्रावली. "काकू, गोलमध्ये अंकल लोक बसलेत यार!"

"असू दे गं. जाळी समज."

आणि सामना सुरू झाला. तांडेल छोट्या मॅचला तयार झाले, पण दोन्ही हाफ पूर्ण हवेत म्हणाले. पहिल्या हाफमध्ये व्यासपीठाच्या पुढ्यात आमच्या सावंतवहिनी. त्यांनी काय चेंडू अडवले म्हणून सांगू! एक पोटाने, एक गुडघ्याने, एक नुसत्या नजरेने! अधूनमधून मागे बोट दाखवून ओरडत, "गो माधवी, माझ्या घोवाक सांग, पाय आत घे म्हणान!" सगळं उत्तम चाललं होतं. तेवढ्यात नेमकी वाकोल्याची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली, आणि सोफ्यावरून सावंतांना काहीतरी आठवलं.

"अगो, गॅस बंद केलंस ना गो?"

वहिनी वळल्या आणि चेंडू आत! तो थेट भाऊसाहेबांच्या मांडीवर जाऊन बसला. भाऊसाहेबांना वाटलं, ही भेटवस्तू. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला आणि फोटोग्राफरकडे बघून हसले. आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. वहिनी नवऱ्याला काय म्हणाल्या, ते मालवणीत होतं आणि मालवणीतच राहिलेलं बरं.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या. आता व्यासपीठापुढे वाकोल्याची गोलकीपर, आणि आमच्या बायका त्या दिशेने चाल करून येणार. एक गोल मागे होत्या, पण काय धावत होत्या! माधवीचा चेहरा लालबुंद झाला होता. मला खरंच अभिमान वाटत होता. पण त्याच वेळी माझं लक्ष आकाशाकडे गेलं. उजेड चालला होता. सामना संपेपर्यंत काळोख होणार, म्हणजे माझ्या सत्काराचा फोटो येणारच नाही! शाल घडीत तशीच राहणार!

मी सावंतांना कोपरखळी मारली. "माझा सत्कार आत्ताच उरकून घेऊ या का? पटकन?"

भाऊसाहेब शाल घेऊन उठले. मी हात जोडून उभा राहिलो. फोटोग्राफर गोलच्या बाजूला उभा होता. "काका, सावलीत आहात. थोडं पुढे या... अजून पुढे... मान वर!" मी पुढे सरकलो. गोलच्या पांढऱ्या रेघेवर येऊन उभा राहिलो. खांद्याला शालीचा पहिला स्पर्श झाला. काय सांगू तो आनंद! मी डोळे मिटले.

माधवीने नेमका त्याच क्षणी डाव्या पायाने फटका मारला. गोलकीपर उजवीकडे झेपावली, चेंडू तिच्या डावीकडून निघाला, आणि सरळ गोलमध्ये गेला असता. गेला असता! तो माझ्या नाकावर आला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी मागे कोसळताना हाताला लागेल ते धरलं, तो फ्लेक्स निघाला. फ्लेक्स सोफ्यावर आला. समई आडवी झाली, नारळ मैदानभर गडगडत सुटले आणि भाऊसाहेब स्वतःच्याच दाराएवढ्या फोटोखालून "कोण आहे रे?" असं ओरडू लागले.

ऋचाने शिट्टी वाजवली. "बाहेरच्या माणसाला लागला. गोल नाही."

"बाहेरचा?" मी नाक धरून ओरडलो. "अगं, बाप आहे मी तुझा!"

"घरी, बाबा."

माधवी धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला गहिवरून आलं. म्हणालो, "अगं, फार नाही लागलं."

"माझा पहिला गोल होता तो," ती म्हणाली. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की नाक दुखायचं थांबलं. मग तिने डोळे पुसले. "उठा. गोल रिकामा करा. अजून वेळ आहे."

आणि मार्गदर्शक समितीने त्या दिवसातलं पहिलं उपयोगाचं काम केलं. सोफा उचलला, भाऊसाहेबांना फ्लेक्समधून सोडवलं, मैदानातले नारळ गोळा केले. उरलेली मॅच रिकाम्या गोलवर, संधिप्रकाशात, जीव तोडून खेळली गेली. आमच्या बायका एका गोलने हरल्या. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा चेंडू अजून दिसत होता.

तांडेल माधवीपाशी आले. "मॅच पूर्ण झाली. मंगळवार-शुक्रवार तुमचे," ते म्हणाले. मग माझ्या सुजलेल्या नाकाकडे बघून पुढे म्हणाले, "एकच अट आहे. मार्गदर्शन गेटच्या बाहेर."

बायकांनी जो जल्लोष केला, तो अजून माझ्या कानात आहे. मी बाजूला बसून नाकाला बर्फ लावत होतो. तेवढ्यात वाकोल्याची कॅप्टन तिच्या मुलींना घेऊन माझ्यासमोर आली. तिच्या हातात ती पडलेली शाल होती, माती झटकलेली, आणि एक नारळ.

"अंकल, आजचा बेस्ट सेव्ह तुमचाच. तुम्ही नसता तर आम्ही जिंकलोच नसतो." तिने माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरने फोटो काढला, आणि तो अगदी स्वच्छ आला.

आज क्लबच्या कपाटात पुष्कळ ट्रॉफ्या आहेत. माधवीने त्यानंतर किती गोल मारले, ते तीच सांगेल. माझा फोटोही तिथेच, त्या ट्रॉफ्यांच्या शेजारी लावलाय, नव्या मुलींना दाखवायला. आयुष्यभर तबक धरलं, एकदाच माझा सत्कार झाला, आणि तो केला बायकोच्या विरुद्ध खेळणाऱ्या टीमने!