सूचनाफलकावरची कोरी यादी

फॅक्स मशीनमधून कागद बाहेर आला तेव्हा त्यावर तीनच ओळी होत्या. आमचे सेक्शनप्रमुख ओगावा-सान यांनी त्या चार वेळा वाचल्या आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"रिमाए-सान, हे जरा बघता का?"

माझं आडनाव लिमये. जपानमध्ये ते रिमाएच होतं.

अमेरिकेतल्या एका फाउंडेशनने विचारलं होतं, तुमच्या कॉलेजात अल्पसंख्य समाजातल्या विद्यार्थिनी किती? तुमच्या वेळेने शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आकडा कळवा, नाहीतर ग्रँटचा अर्ज बाद. त्या दिवशी मंगळवार होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याच्या सॉफ्टवेअर कॉन्ट्रॅक्टमुळे आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहत होतो आणि एदोगावातल्या एका छोट्या मुलींच्या कॉलेजात मला आरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम मिळालं होतं. संशोधन विभागाचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. त्याआधी पुण्यातल्या एका कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनमध्ये मी सहा वर्षं काढली होती. फॉर्म, दाखले, याद्या यांत मला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ग्रँट होती अपंगत्वावरच्या संशोधनासाठी, पण फक्त अशा कॉलेजांना, जिथे निदान एक चतुर्थांश विद्यार्थी अल्पसंख्य समाजातले आहेत. याला एलिजिबिलिटी म्हणतात. ती सिद्ध झाली नाही, तर आतला प्रकल्प कितीही चांगला असो, कुणी पान उलटून बघत नाही.

प्रकल्प आमच्या विभागातल्या संशोधक कानेदा-सान यांचा होता. वयस्कर, कर्णबधिर कोरियन बायका दवाखान्यात आपलं दुखणं कसं सांगतात, हा त्यांचा विषय. या बायका कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना ना शाळेतली खाणाखुणांची भाषा येत होती, ना लिहिता येत होतं. पोटात दुखतंय की छातीत, हे डॉक्टरला समजायलाच दिवस जायचा. कानेदा-सान यांना स्वतःला फार कमी ऐकू यायचं. त्या ओठ बघून बोलणं समजून घ्यायच्या. माझं जपानी कच्चं, म्हणून मी हळू बोलायचे, आणि त्यांना तेच हवं असायचं. आमचं छान जमायचं. त्यांची नोकरी मार्चमध्ये संपणार होती. ग्रँट मिळाली तर त्या राहणार होत्या आणि कामही राहणार होतं.

मी ओगावा-सानना विचारलं, की आपल्याकडे कोरियन घरांतल्या मुली बऱ्याच आहेत ना? त्यांनी दातांतून हवा आत ओढली. जपानी माणसाने असं केलं की समजायचं, घोडं अडलंय. त्या असतील, असं ते म्हणाले, पण रजिस्टरमध्ये सगळ्यांची नावं जपानी आहेत. दोन-तीन पिढ्या इथे राहिलेली माणसं. कोरियन म्हटलं की नोकरी अडते, लग्न अडतं, म्हणून कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

मला वाटलं, एवढंच ना. माझ्या पुण्याच्या कॉलेजात मागासवर्गीय स्कॉलरशिपच्या याद्या दर वर्षी फलकावर लागायच्या, नावासकट, प्रवर्गासकट. त्यात कुणाला काही वाटल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी संध्याकाळी बसून डिक्शनरी घेऊन सूचना लिहिली: परदेशी मुळाच्या विद्यार्थिनींनी खालील यादीत आपलं नाव लिहावं. बुधवारी सकाळी, ओगावा-सान मीटिंगला गेलेले असताना, मी ती मुख्य जिन्याजवळच्या फलकावर लावली. पेनही दोरीने बांधलं. आपल्या कामाचा मला अभिमान वाटला.

दुपारी बघायला गेले तर यादी कोरी. नेहमी त्या फलकाखाली मुलींचा घोळका असायचा. आज मुली पलीकडच्या जिन्याने जात होत्या.

थोड्या वेळाने कानेदा-सान आल्या. सूचना त्यांनी काढून हातात आणली होती, पेनासकट. त्या चिडलेल्या नव्हत्या. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

"या यादीत मी माझं नाव कुठलं लिहू, ते सांगा," त्या म्हणाल्या. "ऑफिसात मी कानेदा आहे. घरी मी किम आहे. ज्या बायकांवर माझा अभ्यास आहे, त्यातली एक माझी आई आहे. आठ वर्षं इथे काम करते, पण यातलं काही कुणाला माहीत नाही."

मी सॉरी म्हणत मान खाली घातली. मग लक्षात आलं, मान खाली घातली की त्यांना माझे ओठ दिसत नाहीत. वर बघून पुन्हा सॉरी म्हणाले.

गुरुवारी सकाळी दोन मुलींच्या वडिलांचे फोन आले. कॉलेज नावं कशासाठी गोळा करतंय? प्रिन्सिपॉलनी आम्हाला आत बोलावलं. ओगावा-सान कमरेत वाकून उभे राहिले आणि म्हणाले की चूक सेक्शनची आहे. माझं नावही त्यांनी घेतलं नाही. प्रिन्सिपॉल शांतपणे म्हणाले, अर्ज मागे घ्या.

माझ्या एका कागदाने एका बाईची नोकरी जात होती. मी जागेवर येऊन फॅक्स पुन्हा काढला आणि शब्द न् शब्द वाचला. त्यात किती, एवढंच विचारलं होतं. कोण, असं कुठेच नव्हतं. नावं फाउंडेशनला नको होती. ती माझ्या पुण्याच्या सवयीला हवी होती.

ओगावा-सानना दाखवलं. ते पुन्हा त्या तीन ओळी वाचू लागले. मग उठले आणि संध्याकाळपर्यंत एकेका शिक्षकाच्या खोलीत जाऊन चहा पीत नावांशिवाय मोजायचं पटवत राहिले. तिकडे कुठलाही निर्णय मीटिंगआधी असाच होतो. शेवटी ते प्रिन्सिपॉलकडे गेले आणि परवानगी घेऊन बाहेर आले.

शुक्रवारी सकाळी तिन्ही वर्गांत सगळ्या मुलींना सारखे कागद वाटले. घरात कुणी परदेशी मुळाचं असेल तर गोल, नसेल तर फुली. पेन्सिलीही ओगावा-साननी एकाच प्रकारच्या आणल्या, म्हणजे रेषेवरून कुणी ओळखायला नको. शिक्षक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. हे मला सुचलं नसतं.

मुली एकशेवीस. तीस गोल हवे होते. आम्ही तिघांनी ओगावा-सानच्या टेबलावर मोजायला घेतलं. दोन वर्ग संपले तेव्हा गोल सतराच होते. कानेदा-सान पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि न पिताच परत बसल्या. तिसरा लिफाफा उघडला. फुली, फुली, गोल, फुली. चुरगळलेल्या एका कागदावर गोल इतका बारीक होता की मी तो उजेडात धरून बघितला.

एकतीस भरले. ओगावा-साननी तीनदा मोजले.

मी पत्र टाइप करत असताना कानेदा-सान माझ्या शेजारी येऊन बसल्या. प्रमुख संशोधक या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"इथे किम लिहा."

"नक्की?"

"आता मी सांगतेय," त्या म्हणाल्या. "बुधवारी तुम्ही विचारत होतात."

प्रिन्सिपॉलचा शिक्का मिळाला. फॅक्स दोनदा एंगेज लागला आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना गेला. ग्रँट मिळाली. किम-सान राहिल्या. दवाखान्यात दाखवायची चित्रांची पुस्तिका त्यांनी आईला सोबत घेऊन तयार केली.

यातून मी एक नियम शिकले: आकडा हवा असेल तर नाव मागू नये. ऑफिसच्या कामापुरता तो पुरेसा आहे. पण मला त्या दिवसापासून सुवर्णा आठवते. पुण्याच्या कॉलेजातली मुलगी. स्कॉलरशिपची यादी लागली की दर वर्षी ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या वेळी यायची आणि हळूच विचारायची, मॅडम, माझं नाव आलंय का? मला ती वेंधळी वाटायची. मी भर कॉरिडॉरमध्ये खेकसायचे, फलकावर लागलंय, बघता येत नाही का?

तिला बघता येत होतं. बाकी सगळ्यांनाही येत होतं.