वेदिकाच्या वाटचा रोडगा

रोडगा फुटला, त्यावर तूप पडलं आणि आजोबांचा हात वेदिकाच्या तोंडाकडे निघाला. मी पंगतीत समोरच बसले होते. "थांबा!" असं इतक्या जोरात ओरडले की वाढणारा बादली धरून जागीच उभा राहिला.

वेदिका नऊ वर्षांची. तिला सिलिअ‍ॅक आहे. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. या आजारात शरीर त्याच्यावर चवताळतं आणि स्वतःचंच आतडं खराब करून घेतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा नाही. मी वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. ही पोरगी आमच्याकडे आली तेव्हा नुसती हाडं आणि फुगलेलं पोट. तिच्या आईने, सविताने, सगळा स्वयंपाक बदलला. ज्वारी घरच्या घरघंटीवर दळायची, तवा वेगळा, परात वेगळी. डबीतला हिंगसुद्धा बंद, कारण त्यात बहुतेक वेळा मैदा असतो. पोरगी भरली, शाळेत जायला लागली.

आणि पोरगी बरी व्हावी म्हणून बोललेला नवस आजोबांनी फेडायला काढला. पवनारजवळच्या त्यांच्या वावरात सगळं गाव जेवायला. नवस कशाचा, तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या गव्हाच्या रोडग्यांचा. गहू सोडून बरी झालेल्या पोरीला पहिला घास गव्हाचा! आणि मला सन्मानाने बोलावलेलं.

"म्याडम, देवाच्या परसादानं कोनाले काई होत नाई," आजोबा म्हणाले.

"आजोबा, आतड्याला परसाद कळत नाही. त्याला गहू कळतो."

हे बोलायला नको होतं. शेजारचे एक म्हातारे म्हणाले, "जिच्यासाठी नवस, तिनंच नाई खाल्लं त तो फिटत नाई. पोरगी पुन्हा दुखण्यात पडली त कोन जबाबदार?"

आता आजोबांनी घास पुन्हा वेदिकापुढे धरला. तेही घाबरले होते, नातीसाठीच. मी आवाज खाली आणला. एका घासाने आज वरून काही दिसणार नाही, पण आतून पुन्हा जखमा होतील, असं समजावलं.

"दिसत नाई, मंग काऊन भेवून राह्यल्या?" आजोबांनी विचारलं.

झालं. माझं शास्त्र माझ्याच गळ्यात. वेदिकाचा बाप मान खाली घालून पत्रावळीकडे बघत होता. मला मनापासून चीड आली त्याची. वेदिका ओठ घट्ट मिटून बसली होती.

तेवढ्यात सविता चुलीजवळून उठून आली. सासऱ्यांपुढे ही बाई कधी बोललेली मी ऐकली नव्हती. तिने पदर डोक्यावर घेतला, ओंजळ पुढे केली.

"मामाजी, पोरगी माह्या पोटची हाये. तिच्या वाटचा परसाद मले द्या. देवाले कमी पडलं, त त्याले माह्यावर कोपू द्या."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घास तिच्या ओंजळीत ठेवला.

"खाय बाई," एवढंच म्हणाले.

ती उभ्या उभ्या रडत खात होती. मीही डोळे पुसले, लपवायचं काय त्यात. वेदिकाने घरून आणलेल्या डब्यातली भाकरी खाल्ली.

पुढच्या तपासणीत रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. आजोबा म्हणतात, देवाने ऐकलं. मी वाद घालत नाही. डाएट शीट काय, कोणालाही लिहून देता येते. ती चालते भर पंगतीत उठून बोलणारं माणूस घरात असलं तरच. म्हणून हल्ली मी पेशंटला पहिलं विचारते, "तुमच्या बाजूने घरात कोण भांडेल?" उत्तर आलं नाही, तर आधी ते माणूस शोधायचं, ज्वारीचं नंतर.