माईकवरून सांगितलेलं दुखणं

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्याची पाण्याची टाकी धुऊन घेत होतो. तशीच गाडी काढली. सोमाटण्याच्या पुढे मामांच्या गावात पोचेपर्यंत डोळे वाहत होते, आणि गावात शिरलो तर हसू फुटलं. कुणी गेलं की देवळाच्या स्पीकरवरून खबर द्यायची, हे काम इतकी वर्षं मामांचं. आता खुद्द त्यांचीच खबर द्यायची, तर माईक धरायला माणूस मिळेना. शेवटी एकानं धरला आणि गडबडीत मामांच्या व्याह्यांना जावई करून टाकलं. मला वाटलं, आता मामा उठून माईक हिसकावून घेणार...

किसनमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरी केली, पण जीव सगळा माईकमध्ये. आमच्या मावळात लग्नाला आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारून झाल्याशिवाय मंगलाष्टका सुरू होत नाहीत, आणि ती पुकारावीत मामांनीच. नवरा-नवरी घामानं निथळताहेत, भटजी घड्याळ बघताहेत, आणि मामा कुणाच्या तरी साडूच्या चुलत्याचं स्वागत करताहेत. नाव राहिलं तर पाहुणा रुसतो, म्हणायचे. मामी म्हणायच्या, "ह्यांनी माज्याशी बोलावं असं वाटत असंल, तर मला बी मांडवातच जाऊन बसाया पायजे."

एवढा बोलका माणूस, पण एका बाबतीत तोंड शिवलेलं. लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं, ही माझ्या आजोळच्या पुरुषांची रीतच होती. मामांना तर भर पावसाळ्यातही उन्हाळी लागायची. आजोबांची कंबर धरली आणि त्यातच ते गेले, तेही म्हातारपणाच्या नावावर खपलं. मामांची कंबर धरली तेव्हा मात्र मी त्यांना जवळजवळ ओढतच तळेगावात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. निदान झालं, प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला. मामांनी विचारलं, "म्हंजी हे त्या उन्हाळीनंच केलं का?" बाईंनी शांतपणे समजावलं. जळजळ म्हणजे आत सूज असू शकते. अशी सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली तर कॅन्सरला वाट मिळत असावी असा संशय आहे, पण ते पक्कं ठरलेलं नाही. सूज आलेल्या प्रत्येकाला काही कॅन्सर होत नाही. रक्ताचं नातं मात्र बघावंच लागतं. वडिलांना किंवा भावाला असेल तर धोका वाढतो, आणि तो आईच्या बाजूनंही येऊ शकतो, म्हणून पंचेचाळिशीनंतर घरातल्या पुरुषांनी रक्त तपासून घ्यावं. दोन्ही कॅन्सर कधी कधी एकाच वारशातून येतात, म्हणून घरात कुणा बाईला स्तनाचा कॅन्सर होता का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामा माझ्याकडे बघत राहिले. माझी आई त्यातच गेली होती.

परतताना गाडीत म्हणाले, "बापानं वाळल्या गवताची गंजी दिली, अन् मी तिच्या बुडाशी निखारा सांभाळत बसलो. माजी तर पेटली... बबनची अजून हुबी हाय." बबनमामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मामांनी घरी जाऊन त्याला समजावलं, रक्त तपासून घे म्हणून हात जोडले. बबनमामांचं एकच पालुपद, "मला काय झालंया?" दुखत नाही, खुपत नाही, मग दवाखान्यात कशाला? पालथ्या घड्यावर पाणी.

मग बबनमामांच्याच लेकीच्या लग्नात मामांनी माईक हातात घेतला. सगळे पाहुणे पुकारून झाले आणि म्हणाले, "आता थोडी आमच्या घरची नावं घेतो. कुणी रुसू नका. मला प्रोस्टेटचा कॅन्सर हाय. पंचेचाळिशी उलटलेल्या आमच्या समद्या बाप्यांनी, बहिणींच्या पोरांनी बी, रक्त तपासायचं." पहिलं नाव बबनमामांचं, दुसरं माझं. बबनमामांनी येऊन माईकची वायरच उपटली. "भाऊ, नव्या व्याह्यांम्होरं घराची अब्रू घालवलीत," एवढं म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. शरमेनं माझेही कान तापले होते, पण मी तपासायला गेलो. माझं सगळं ठीक निघालं. एका मावसभावाचा कॅन्सर मात्र वेळेत सापडला. उपचार होऊन तो आता ठणठणीत आहे. बबनमामा तेवढे गेले नाहीत.

शेवटच्या भेटीतही मामांनी तेच विचारलं. "बबन्या गेलता का रं?" मी नाही म्हणून मान हलवली. खोटं 'हो' म्हणावं असं फार वाटलं, पण ते लगेच ओळखलं असतं त्यांनी. "माजं त्याला कवाच पटलं न्हाई," ते हसून म्हणाले. "पर तू सोडू नगंस त्याला."

मला काही करावंच लागलं नाही. तेराव्यानंतर बबनमामांचाच फोन आला, "गाडी हाय का?" आम्ही तळेगाव गाठलं. दवाखान्यात ही गर्दी. टेबलामागच्या मुलीनं हळू आवाजात विचारलं, "काका, काय त्रास होतोय?" म्हणाले, "तरास काय न्हाई." "मग?" बबनमामांनी बाकावरच्या माणसांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हे निघाले. आणि मग ते बोलले ते अशा आवाजात की पेपर वाचणाऱ्यांनीही माना वर केल्या. "आमच्या घरात प्रोस्टेटचा कॅन्सर हाय. थोरला भाऊ त्यात गेला. बाप बी त्यातच गेला असंल. माजं रक्त घ्या."

मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि रुमालानं डोळे पुसले. मीही पुसले. थोड्या वेळानं पलीकडचे एक अनोळखी गृहस्थ सरकत आमच्याजवळ आले आणि जवळजवळ कानातच पुटपुटले, ही तपासणी कधी करायची असते? बबनमामा त्यांना सांगू लागले. आवाज मात्र त्यांनी जराही कमी केला नाही.